ऑनलाइन की वर्गात? आधी तुमच्या मुंबईच्या डिग्रीचं बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची डोंबिवलीची, सध्या न्यू जर्सीत एडिसनला राहते. वय ३१. मुंबई विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग केलं. ६२ टक्के पडले, एम-थ्रीला (तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला) केटी लागली होती, म्हणजे पेपर राहिला होता. बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्यामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) होते, मागच्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं. शेजारच्या काकूंना इंग्रजी येत नाही म्हणून दोन वर्षं त्यांच्यासोबत डायलिसिसला जाते आहे. तिथेच बसून बसून मनाने घेतलं की आपण डॉक्टर व्हायचं. मुलगा चार वर्षांचा असल्यामुळे घराबाहेर पडणं अवघड आहे. मेडिकल स्कूलसाठी लागणारे सगळे प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे, कोर्स घरून ऑनलाइन केले तर चालतील का? माझ्या नणंदेच्या मुलाचे ऑनलाइन कोर्स चालले आणि त्याला प्रवेशही मिळाला. मैत्रिणीच्या मुलीला मात्र एका शाळेने सरळ नाही म्हणून कळवलं. खरं काय धरायचं? इंजिनिअरिंगचं फिजिक्स, केमिस्ट्री धरतात का? बारावीला बायफोकल (बायोलॉजीऐवजी तांत्रिक विषय) घेतलं होतं, त्यामुळे बायोलॉजी दहावीलाच सुटली. सासूबाई म्हणतात, आता या वयात कशाला. — एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकला आहे : इंजिनिअरिंगचं फिजिक्स, केमिस्ट्री धरतात का? ऑनलाइनचं काय करायचं ते या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेतल्या बहुतेक एम.डी. (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) शाळांचे अर्ज अ‍ॅमकॅस या एकाच सेवेतून जातात. ही सेवा तुमची प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) तपासते आणि त्यावरून जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढते. परदेशी विद्यापीठाच्या गुणपत्रिका मात्र ती तपासत नाही आणि ते गुण जीपीएत धरत नाही. म्हणजे तुमचे ६२ टक्के तिथे पोहोचतच नाहीत. एम-थ्रीची केटीही पोहोचत नाही. हे ऐकून हायसं वाटेल, आणि ते वाटायला हरकत नाही. कोरी पाटी मिळणं ही इथे जन्मलेल्या, कॉलेजच्या पहिल्या वर्षी घसरलेल्या मुलांना न मिळणारी सवलत आहे. त्यांचा प्रत्येक 'सी' आयुष्यभर त्यांच्यासोबत येतो, कोर्स पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड धरल्या जातात.

पण कोऱ्या पाटीची दुसरी बाजूही आहे. अनेक मेडिकल स्कूलना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या विद्यापीठाची पदवीच लागते. काही शाळा परदेशी पदवी मानतात, पण त्याच्या जोडीला इथे ठरावीक क्रेडिट (प्रत्येक कोर्सला ठरलेली एककं) पूर्ण केलेली हवीत अशी अट घालतात. ६० किंवा ९० क्रेडिटची अट बऱ्याच ठिकाणी दिसते. आता तुमचे प्रीरेक्विझिट मोजा. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, प्रत्येकी दोन सेमिस्टर आणि लॅबसकट साधारण आठ क्रेडिट, झाले बत्तीस. बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी प्रत्येकी तीनच्या आसपास, आणि इंग्लिशचे दोन कोर्स. सगळं मिळून पन्नासच्या आसपास येतं. तुम्ही हे सगळे कोर्स देशातल्या उत्तमोत्तम वर्गात बसून केले, एकही ऑनलाइन केला नाही, तरी ९० क्रेडिट मागणाऱ्या शाळेच्या दारात तुम्ही अपात्रच ठरता. म्हणून म्हणते, पैसे भरण्याआधी हा हिशेब करा.

यावरचा एक मार्ग म्हणजे इथल्या एखाद्या विद्यापीठात दुसऱ्या बॅचलर्स पदवीसाठीच प्रवेश घेणं. तुमच्या मुंबईच्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून ते विद्यापीठ काही क्रेडिट आपल्याकडे ट्रान्सफर करून घेऊ शकतं. ती क्रेडिट मग इथल्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, आणि पदवीसाठी लागणारी वर्षं कमी होतात. सायन्सचे विषय मात्र ट्रान्सफर झाले तरी पुन्हा करा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं अप्लाइड केमिस्ट्री म्हणजे पाण्याचा हार्डनेस, वंगणं, पॉलिमर. मेडिकल स्कूलला हवी असलेली केमिस्ट्री ही नव्हे, आणि दहा वर्षांपूर्वीच्या विषयावर विसंबून एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा देता येत नाही.

आता ऑनलाइनकडे वळते. तुमच्या नणंदेच्या मुलाचं खरं, आणि मैत्रिणीच्या मुलीचंही खरं. २०२० च्या वसंतात सगळीच विद्यापीठं एका रात्रीत ऑनलाइन गेली, तेव्हा मेडिकल स्कूलनी नियम सैल केले. त्या काळातले ऑनलाइन वर्ग, अगदी नुसते 'पास' असे शेरे असलेलेसुद्धा, बहुतेकांनी मानले. नंतर काही शाळांनी ती सैल गाठ तशीच ठेवली, काहींनी पुन्हा आवळली, काहींनी मधला मार्ग काढला : लेक्चर ऑनलाइन चालेल, लॅब प्रत्यक्षच हवी. भाचा नेमका त्या काळात कॉलेजात असेल तर त्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. शिवाय तो बहुधा एका विद्यापीठाचा पूर्ण वेळ विद्यार्थी असणार आणि त्याच विद्यापीठाने आपलेच काही वर्ग ऑनलाइन घेतले असणार. चार वर्षांच्या भरगच्च ट्रान्सक्रिप्टमध्ये तसे दोन-तीन कोर्स असणं वेगळं. तुमच्या अर्जात अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट एवढीच असणार आणि ती पूर्ण ऑनलाइन असणार. प्रवेश समितीतल्या माणसाने ती हातात घेतली की त्याला पहिली शंका हीच येईल की ही बाई रोज आठ तास वर्गात आणि वॉर्डात उभी राहू शकेल का. शंका तुमच्यावर अन्याय करणारी असेल, तरी ती येते.

'ऑनलाइन' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तेही बघून घ्या. एक प्रकार म्हणजे मान्यताप्राप्त विद्यापीठाचा, ठरलेल्या वेळी प्राध्यापक समोर येणारा, तारखेला परीक्षा होणारा वर्ग. दुसरा, आपापल्या गतीने करायचा. मेनमधली युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड असे सायन्सचे प्रीरेक्विझिट कोर्स बरीच वर्षं देते आहे, आणि हेल्थ प्रोफेशनमध्ये जाणारे पुष्कळ जण ते घेतात. तिसरा प्रकार, लेक्चर ऑनलाइन पण लॅबसाठी कॅम्पसवर जायचं. अ‍ॅरिझोना स्टेटसारखी मोठी विद्यापीठं ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या काही लॅब उन्हाळ्यात कॅम्पसवर बोलावून सलग उरकून घेतात. आणि चौथा प्रकार, ज्याला कॉलेज क्रेडिटच नसतं, नुसतं सर्टिफिकेट मिळतं. तो शिकायला छान, अर्जाला शून्य. जाहिरातीत 'प्री-मेड' शब्द दिसला म्हणून फसू नका. क्रेडिट कोण देतं, ट्रान्सक्रिप्टवर कुणाचं नाव येतं, एवढं विचारा.

लॅबच्या बाबतीत मी हट्टी आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडताना रंग फिका गुलाबी झाला की हात थांबवायचा, हे तुम्ही केलेलं आहे. थेंब जास्त पडला की जर्नलमध्ये रीडिंग चुकतं आणि मग मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधावं लागतं. स्क्रीनवरच्या सिम्युलेशनमध्ये बाटली फुटत नाही, रीडिंग बिघडत नाही, शेजारच्याचं आणि आपलं उत्तर का जुळत नाही यावर वाद होत नाही. काही कोर्स घरी किट पाठवतात. चार वर्षांचं मूल घरात असताना डायनिंग टेबलावर आम्ल आणि अल्कली मांडायचा विचारसुद्धा नको. शिवाय ऑनलाइन परीक्षा बहुतेक ठिकाणी कॅमेरा लावून होतात. मुलगा दार ढकलून "आई, शू" म्हणत आत आला तर पेपर तपासणीत अडकू शकतो. घरून सोपं पडेल हा तुमचा अंदाज मला पूर्णपणे पटत नाही, तो यामुळेच.

आणि याहूनही मोठं कारण शिफारसपत्रांचं आहे. आपल्याकडे एम.एस.साठी अर्ज करताना काय चालतं ते तुम्ही पाहिलं असेल. विद्यार्थी स्वतःच तीन पत्रं टाइप करतो, डिपार्टमेंटमध्ये जातो, सर सही करतात, शिक्का बसतो. इथे तसं होत नाही. पत्र प्राध्यापक स्वतः लिहितात, परस्पर पाठवतात, आणि ते न वाचण्याचा लेखी करार तुम्ही करता. बहुतेक शाळांना किमान दोन पत्रं सायन्सच्या प्राध्यापकांची लागतात, ज्यांनी तुम्हाला शिकवून ग्रेड दिली आहे अशांची. आपल्या गतीने चालणाऱ्या कोर्समध्ये ज्याने तुमचा चेहरा पाहिला नाही तो काय लिहिणार? 'हिला ए मिळाला.' ते ट्रान्सक्रिप्टवर आहेच. ज्याने तुम्हाला ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांनी भेटीसाठी राखलेल्या वेळेत) तोच प्रश्न तीनदा विचारताना आणि चौथ्यांदा वर्गातल्या दुसऱ्या मुलीला समजावून सांगताना पाहिलं आहे, त्याच्या पत्राला किंमत आहे. मुंबईच्या कॉलेजात सरांच्या केबिनपासून लांब राहायची आपली सवय असते. ती पहिल्याच आठवड्यात मोडा. प्रश्न नसेल तरी जा.

मग तुम्ही काय करावं? माझं मत असं. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे ऑनलाइन करा, बिनधास्त करा. इंग्लिशचे कोर्स आधी शाळांना विचारून करा. जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी प्रत्यक्ष करा, लॅबसकट. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) हाताशी आहे. तुमच्या एडिसनलाच मिडलसेक्स कॉलेज आहे, आणि काउंटीतल्या लोकांना फी विद्यापीठाच्या मानाने खूप कमी पडते. संध्याकाळचे वर्ग बघा आणि 'हायब्रिड' असं लिहिलेले वर्ग बघा : लेक्चर घरून, लॅब आठवड्यातून एकदा कॅम्पसवर. तुमच्यासारख्या आईसाठी यासारखी सोय दुसरी नाही. ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री आणि बायोलॉजीचे वरच्या पातळीचे एक-दोन कोर्स मात्र चार वर्षांच्या विद्यापीठात करा. काही मेडिकल स्कूल कम्युनिटी कॉलेजचा सायन्सचा कोर्स कमी लेखतात, त्यांना वरच्या पातळीवरची 'ए' दाखवता येते. रटगर्स विद्यापीठ तुम्हाला जवळ आहे. दुसऱ्या बॅचलर्सचा विचार करणार असाल तर चौकशीला तिथूनच सुरुवात करा.

क्रम मोडू नका. जनरल केमिस्ट्रीशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. ही साखळी उन्हाळ्याची सेमिस्टर न वापरता अडीच वर्षांची होते. त्याआधी एमकॅटला बसणं म्हणजे पैसे आणि एक प्रयत्न वाया घालवणं. साडेसात तासांची परीक्षा आहे ती, ४७२ ते ५२८ असे गुण, आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या घरात असते. आयुष्यभरात सातच प्रयत्न मिळतात आणि प्रत्येकाचा निकाल शाळांना दिसतो. ही परीक्षा कोर्स ऑनलाइन झाला की वर्गात, ते विचारत नाही. म्हणूनच ज्यांचे काही कोर्स ऑनलाइन आहेत त्यांच्यासाठी ती शंका फेडण्याची उत्तम जागा आहे. तुम्ही इंजिनिअर, त्यामुळे फिजिक्सची मला काळजी नाही. वाचनाच्या विभागाची आहे. त्यात सायन्स अजिबात नसतं, तत्त्वज्ञान, कला, इतिहासावरचे उतारे असतात, आणि आपली भले भले हुशार मुलं तिथे अडतात. इंग्रजीत रोज काहीतरी कठीण वाचायला आजपासून लागा.

शाळांची यादी आता करा, कोर्स नंतर. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा एमएसएआर नावाचा सशुल्क डेटाबेस आहे. त्यात प्रत्येक एम.डी. शाळा ऑनलाइन कोर्स, ऑनलाइन लॅब, कम्युनिटी कॉलेज आणि परदेशी पदवी यांबद्दल काय म्हणते ते सापडतं. तुमच्या राज्यापासून सुरू करा : रटगर्सच्या नेवार्क आणि न्यू ब्रन्सविक इथल्या शाळा, कॅम्डेनची कूपर, हॅकनसॅक मेरिडियन, आणि डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) पदवी देणारी रोवनची शाळा. मग शेजारची न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया. जिथे मजकूर संदिग्ध असेल तिथे अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा. फोनवरचं उत्तर धरू नका. ईमेलमध्ये तुमची पदवी कुठली, तुम्ही कुठल्या कॉलेजचा नेमका कोणता कोर्स घेणार आहात, लॅब प्रत्यक्ष आहे का, हे चार ओळींत लिहा आणि 'हे तुमची अट पूर्ण करतं का' एवढंच विचारा. उत्तर जपून ठेवा, आणि अर्जाच्या वर्षी पुन्हा विचारा, कारण धोरणं बदलतात.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की अमुक विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर 'ऑनलाइन' लिहिलेलंच नसतं, मग कशाला सांगायचं? शाळेने नंतरच्या फॉर्ममध्ये विचारलं तर खरं सांगायचं. अर्जातली माहिती खरी आहे असं तुम्ही लिहून देता, आणि खोटेपणा उघड झाला तर मिळालेला प्रवेशही जातो. ज्या शाळेला ऑनलाइन चालत नाही तिला अर्ज न करणं स्वस्त पडतं.

डी.ओ. शाळांबद्दल आपल्या लोकांत उगाच नाक मुरडलं जातं. डी.ओ. हा अमेरिकेत पूर्ण परवाना असलेला डॉक्टर असतो, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यता एम.डी. आणि डी.ओ. दोघांसाठी एकच आहे. त्यांच्या अर्जाची सेवा वेगळी, नियम वेगळे. यादीत त्यांना जागा द्या. याउलट, 'कसेही कोर्स चालतील, लगेच या' म्हणणाऱ्या परदेशी बेटांवरच्या शाळांना आधी विचारा की पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी किती जण शेवटी रेसिडेन्सीला लागले.

पैशाचं एक ताजं सांगायला हवं. ग्रीन कार्डधारकाला केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळतं, पण १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं ग्रॅड प्लस कर्ज बंद आहे. मेडिकलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा आली आहे. अनेक शाळांचा चार वर्षांचा खर्च याच्या वर जातो. वरची रक्कम कुठून येणार, हे यजमानांशी आत्ताच बसून बोला. (हे वाचणाऱ्या, अजून एच-फोरवर असलेल्या मैत्रिणींसाठी : त्या व्हिसावर शिकायला बंदी नाही, पण बहुतेक मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचा विचार करतात. कोर्सवर हजारो डॉलर घालण्याआधी हे बघा.)

वयाबद्दल. इथल्या मेडिकल स्कूलना वयाची वरची मर्यादा नाही. पण सासूबाईंचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. कोर्स अडीच-तीन वर्षं, अर्जाचं एक वर्ष, चार वर्षं शाळा, किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. स्वतंत्र डॉक्टर म्हणून बसाल तेव्हा चाळिशी ओलांडलेली असेल आणि मुलगा हायस्कूलमध्ये असेल. दुसरी बॅचलर्स करावी लागली तर आणखी पुढे. हा हिशेब सासूबाईंसमोर कागदावर मांडा, लपवू नका. मग त्यांना नेमकं मागा : आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि लॅबची एक सकाळ. 'मदत करा' असं मोघम मागितलं की घरात कुणालाच काही कळत नाही. वार आणि तास ठरवून मागितले की आजी नातवाचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा चोख सांभाळते, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

काकूंसोबतची डायलिसिसची दोन वर्षं तुमच्या अर्जातला सगळ्यात जिवंत भाग आहे. तारखा आणि तास आजच लिहून ठेवायला लागा. तुम्ही तिथे काय पाहिलंत, कशाने अस्वस्थ झालात, तेही लिहा. काकूंचं नाव मात्र कुठेही नको. आणि तिथल्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारून काही दिवस त्यांच्यामागे फिरता येतंय का बघा. डायलिसिसच्या खुर्चीशेजारून दिसणारं डॉक्टरचं आयुष्य आणि त्यांचा पूर्ण दिवस यात खूप अंतर असतं.

राहिली बायोलॉजी. बायफोकलमुळे ती सुटली, याची लाज बाळगण्यासारखं काही नाही. राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची कॉलेजची पाठ्यपुस्तकं मोफत वाचायला मिळतात. बायोलॉजीचं उघडा आणि पेशीपासून सुरुवात करा. मुलगा झोपल्यावर रोज तासभर, सेमिस्टरची नोंदणी सुरू होईपर्यंत. किडनीचं प्रकरण येईल तेव्हा नेफ्रॉन कसा काम करतो ते पुस्तक मिटून स्वतःच्या हाताने काढून बघा आणि पुढच्या वेळी काकूंचं मशीन नीट पाहा. त्यानंतरही रोज रात्री पुस्तक उघडावंसं वाटत असेल तर जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात नाव घाला, आणि मला कळवा.